३१ पत्ते, ३१ चित्रं: कुत्र्यांच्या जोडीचा झटपट खेळ घरी बनवताना

खेळाचा नियम एवढाच: समोर दोन पत्ते, त्यांवर एकच चित्र दोन्हीकडे सारखं. ते आधी दिसेल त्याने मोठ्याने नाव घ्यायचं आणि पत्ता टाकायचा. वाचता न येणारं पाच वर्षांचं पोर आणि सत्तरीची आजी एकाच सतरंजीवर बसून खेळू शकतात, आणि बहुतेक वेळा पोरच जिंकतं.

या जातीचा बाजारात सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे 'डॉबल'. तो २००९ साली फ्रान्समध्ये आला. त्यात ५५ पत्ते, एकूण ५७ चित्रं आणि प्रत्येक पत्त्यावर ८ चित्रं असतात. त्याचं मूळ मात्र जुनं आहे. झाक कोतेरो या फ्रेंच गृहस्थांनी १९७६ मध्ये कीटकांच्या चित्रांचा असाच खेळ रचला होता, त्यात ३१ पत्ते होते आणि प्रत्येकावर ६ चित्रं. घरी बनवायला हाच आकार सोयीचा. ५५ पत्ते कापून चिकटवेपर्यंत घरातल्यांचा उत्साह टिकत नाही. इथे कीटकांच्या जागी कुत्री आणि कुत्र्यांचं सामानसुमान घेऊ.

चित्रं काढणं आणि पत्ते कापणं कुणालाही जमतं. फसतं ते वेगळीकडे. कुठलेही दोन पत्ते उचलले तर एकच चित्र सारखं निघालं पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. ३१ पत्त्यांच्या ४६५ जोड्या होतात. मनाने चित्रं वाटत गेलात तर पाचसहा पत्त्यांनंतर गाडं अडतंच. म्हणून आधी कागदावर तक्ता मांडायचा, कात्री मागून.

तक्ता

प्रत्येक चित्राला १ ते ३१ क्रमांक द्या. पहिल्या पत्त्यावर हे सहा क्रमांक:

१, २, ४, ९, १३, १९

पुढच्या प्रत्येक पत्त्यावर सगळ्या क्रमांकांत एक मिळवत जायचं. दुसरा पत्ता २, ३, ५, १०, १४, २०. तिसरा ३, ४, ६, ११, १५, २१. एकतीसच्या पुढे गेलं की पुन्हा एकपासून, घड्याळात बारानंतर एक येतो तसं. तेराव्या पत्त्यावर १३, १४, १६, २१, २५, ३१ येतात. चौदाव्यावर शेवटचा क्रमांक ३२ व्हायला हवा होता, तिथे १ लिहायचा: १४, १५, १७, २२, २६, १. शेवटचा, एकतिसावा पत्ता: ३१, १, ३, ८, १२, १८. तुमचा शेवटचा पत्ता याच्याशी जुळला तर तक्ता बरोबर आहे. जुळला नाही तर बहुतेक कुठेतरी ३१ नंतर शून्य लिहिला गेलाय.

हे का चालतं? ३१ खुंट्या गोलाकार ठोकल्या आहेत असं समजा. पहिल्या पत्त्याच्या सहा खुंट्यांपैकी कुठल्याही एकीपासून दुसरीपर्यंत पुढच्या दिशेने मोजा. अशी ३० अंतरं मिळतात आणि त्यांत १ ते ३० हे सगळे आकडे एकेकदाच येतात. म्हणून कुठलेही दोन पत्ते कितीही घरं लांब असोत, तेवढं अंतर असलेली खुंट्यांची जोडी एकच, आणि सारखं चित्रही एकच. उदाहरणार्थ पत्ता १ आणि पत्ता ८ यांत ७ घरांचा फरक आहे. पहिल्या पत्त्यावर २ आणि ९ यांत ७ चं अंतर, म्हणून दोन्ही पत्त्यांवर ९ येतो. आठवा पत्ता बघा: ८, ९, ११, १६, २०, २६. आहे ना?

हीच युक्ती लहान-मोठ्या संचांनाही लागते. अगदी छोट्यांसाठी १३ पत्ते, प्रत्येकी ४ चित्रं: सुरुवात १, २, ४, १० आणि १३ नंतर १. मधला संच २१ पत्ते, प्रत्येकी ५ चित्रं: सुरुवात १, २, ५, १५, १७. आठ चित्रांचे ५७ पत्ते करण्याची हौस असेल तर १, २, ४, १४, ३३, ३७, ४४, ५३. सात चित्रांचा ४३ पत्त्यांचा पूर्ण संच मात्र होऊच शकत नाही. त्यामागचं सहा गुणिले सहाच्या चौकटीचं कोडं फ्रेंच गणिती गास्ताँ तारी यांनी १९०१ मध्ये कायमचं निकालात काढलं, तेव्हा त्यात रविवार घालवू नका.

चित्रं कोणती घ्यायची

पहिला मोह असतो ३१ जातींची ३१ कुत्री घेण्याचा. तो टाळा. सव्वा इंचाच्या चित्रात कारवान आणि मुधोळ वेगळे ओळखणं जाणत्यालाही जमायचं नाही, आणि खेळ जोडी शोधण्याऐवजी वादावर येतो. वेगाने बघताना डोळा आधी रंग टिपतो, मग बाह्याकृती. तपशिलाकडे तो जातच नाही. म्हणून ११ कुत्री आणि २० वस्तू असं प्रमाण ठेवा.

हा एक वापरून बघण्याजोगा संच:

१ गावठी, २ हाड, ३ पट्टा, ४ डाल्मेशियन, ५ चेंडू, ६ मांजर, ७ चप्पल, ८ पग, ९ बिस्कीट, १० वाडगा, ११ पंजा, १२ डॅशहंड, १३ खांब, १४ कारवान, १५ शिट्टी, १६ चतकोर, १७ पामेरियन, १८ गोचीड, १९ काठी, २० पश्मी, २१ ब्रश, २२ टब, २३ मोजा, २४ राजापालयम, २५ सुई, २६ पूडल, २७ पाटी, २८ खार, २९ कोंबाई, ३० घर, ३१ लॅब.

क्रमांक असेतसे दिलेले नाहीत. डाल्मेशियन, पग, डॅशहंड, पामेरियन आणि पूडल ही पाच कुत्री लांबूनही ओळखू येतात, ती कुठेही चालतात. गावठी, कारवान, पश्मी, राजापालयम, कोंबाई आणि लॅब ही सहा मात्र उभी काढली की एकमेकांसारखी दिसतात. त्यांना १, १४, २०, २४, २९ आणि ३१ हे क्रमांक दिलेत, कारण वरच्या तक्त्यात या सहांपैकी दोनापेक्षा जास्त कुठल्याच पत्त्यावर येत नाहीत. १० पत्त्यांवर तर त्यांतलं एकही नाही. यादी बदलायची असेल तर खुशाल बदला, फक्त सारखी दिसणारी चित्रं याच सहा घरांत ठेवा.

या सहांत फरक कसा दाखवायचा? गावठी तांबूस-तपकिरी, शेपटी पाठीवर वळलेली. कारवान सोलापूर-लातूरकडचा शिकारी कुत्रा: पोट खपाटीला, पाय काटकुळे, धावताना काढा. पश्मी त्याच्याच घरचा, पण कानांना आणि शेपटीला लांब रेशमी केस. नुसतं डोकं काढलं तरी चालतं. राजापालयम पांढराशुभ्र, नाक गुलाबी. कोंबाई तांबडा, तोंड काळं. लॅब पिवळा आणि बसलेला. एक धावतो, एक बसलाय, एकाचं नुसतं डोकं, अशा वेगवेगळ्या मुद्रा दिल्या की रंग फिका छापला गेला तरी अडत नाही. देशी जातींचं चित्र समोर हवं असेल तर डाक खात्याने २००५ मध्ये काढलेली चार तिकिटं शोधा. त्यांवर राजापालयम, मुधोळ, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग आहेत.

वस्तूंतही फसगत होते. काठी, खांब आणि सुई तिन्ही उभट. काठीला दोन पानं काढा आणि ती वाकडी ठेवा, खांबाला पिवळा दिवा लावा, लशीच्या सुईत निळं औषध भरा. कुत्र्याचं बिस्कीट हाडाच्या आकाराचं काढलं की हाडाशी घोळ ठरलेलाच, म्हणून बिस्कीट गोल आणि भोकाभोकांचं. भाकरी अख्खी काढली तर ती बिस्किटासारखी दिसते. तिचा चतकोर काढा, तीन कोनांचा आणि काळे डाग पडलेला. 'चतकोर!' हा शब्द ओरडायलाही झकास आहे. पाटी म्हणजे फाटकावरची 'कुत्र्यापासून सावध राहा'वाली. अक्षरं वाचता येणार नाहीत एवढी बारीक झाली तरी लाल चौकट ओळखू येते.

साहित्य आणि छपाई

३०० जीएसएमचा कार्डशीट कागद, ए-फोर आकाराचे ६ ताव. ए-फोर स्टिकर पेपर, ६ ताव. पेन्सिल, धारदार कात्री, ९ सेंटिमीटर व्यासाची वाटी किंवा डब्याचं झाकण. हवं असेल तर लॅमिनेशन.

पत्ते गोलच करा. गोल पत्ते आपल्याला नवे नाहीत, सावंतवाडीची गंजिफा गोलच असते. इथे गोल आकाराचा फायदा असा की पत्त्याला वरची-खालची बाजू राहत नाही आणि भोवती बसलेल्यांपैकी कुणालाच तो सुलटा पडत नाही. ९ सेंटिमीटरची वर्तुळं एका ए-फोरवर ६ बसतात, दोनच्या तीन रांगा. सहा तावांत ३६ होतील. उरलेली ५ सुटी ठेवा, ती लागतातच.

आता चित्रं. एका ए-फोर कागदावर ५ उभे रकाने आणि ७ ओळी आखा. ३५ घरं होतात, त्यांत ३१ चित्रं काढा किंवा छापून चिकटवा, प्रत्येक ३ सेंटिमीटरमध्ये बसेल असं. चित्राभोवती काळ्या पेनाची ठळक रेघ हवी, नाहीतर पांढरा राजापालयम पांढऱ्या पत्त्यावर गायब होतो. घराच्या कोपऱ्यात, चित्राबाहेर, क्रमांक लिहा. हा कागद झेरॉक्सच्या दुकानात घेऊन जा आणि स्टिकर पेपरवर रंगीत प्रती काढा: दोन १०० टक्क्यांवर, दोन ७७ टक्क्यांवर, दोन ५७ टक्क्यांवर. चित्रं अनुक्रमे ३, २.३ आणि १.७ सेंटिमीटरची होतील. लेझर छपाई मागा. इंकजेटची शाई घामाच्या हाताने पसरते, आणि या खेळात हातांना घाम येतो.

तीन आकार कशाला? सगळी चित्रं एकाच मापाची असली की डोळ्याला जोडी फार लवकर सापडते. एका पत्त्यावर मोठं हाड आणि दुसऱ्यावर इवलंसं, तेव्हाच खेळ रंगतो.

चिकटवणं

तक्त्यात सहा उभे रकाने आहेत आणि प्रत्येक रकान्यात १ ते ३१ सगळे क्रमांक एकेकदा येतात. तुमच्याकडे ताव सहा, आणि प्रत्येक तावावर ३१ चित्रं एकेकदाच. म्हणजे ताव पहिला फक्त पहिल्या रकान्यासाठी, दुसरा दुसऱ्यासाठी, असं वाटून टाका. मोठे दोन ताव रकाना १ आणि २ ला, मधले दोन ३ आणि ४ ला, लहान दोन ५ आणि ६ ला. तावाच्या माथ्यावर त्याचा रकाना मोठ्या आकड्यात लिहून ठेवा.

आधी ३१ वर्तुळांच्या मागे पेन्सिलीने पत्त्याचा क्रमांक घाला. मग पत्ता १ घ्या: पहिल्या तावावरून १, दुसऱ्यावरून २, तिसऱ्यावरून ४, चौथ्यावरून ९, पाचव्यावरून १३, सहाव्यावरून १९. म्हणजे गावठी आणि हाड मोठे, डाल्मेशियन आणि बिस्कीट मध्यम, खांब आणि काठी लहान. पुढच्या पत्त्याला प्रत्येक तावावरचं पुढचं घर. पोरांना हे काम उत्तम जमतं. एकेकाला एकेक ताव द्यायचा आणि पत्ता पंगतीतल्या वाढप्यासारखा फिरवायचा.

फायदा असा की चूक लगेच पकडली जाते. एखाद्या तावावर हवं ते घर आधीच रिकामं दिसलं तर थांबा, मागच्या एखाद्या पत्त्यावर ते चुकून गेलंय. शेवटी सहाही ताव एकदम रिकामे झाले पाहिजेत. एकूण १८६ चित्रं. आकारांची वाटणीही आपोआप होते: प्रत्येक पत्त्यावर दोन मोठी, दोन मधली, दोन लहान. ४६५ जोड्यांपैकी ३७२ जोड्यांत सारखं चित्र दोन वेगळ्या मापांत येतं.

मांडणी करताना एक मध्यम चित्र मध्यभागी आणि उरलेली पाच भोवती, काठापासून ३ मिलिमीटर आत. दोन्ही मोठी समोरासमोर ठेवा, शेजारी ठेवलीत तर पत्ता एका बाजूला भरलेला वाटतो. चित्रं मुद्दाम तिरकी, उलटी चिकटवा. सगळे कुत्रे पायांवर उभे राहिले तर सुलट बाजूला बसलेल्याचं फावतं.

लॅमिनेशन करणार असाल तर पत्ते आधी कापून मग पाकिटात ठेवा, दोन पत्त्यांत ६ मिलिमीटर जागा सोडून. कापताना भोवती ३ मिलिमीटर पारदर्शक कड राहू द्या. कागदाच्या अगदी काठाला कापलंत तर प्लास्टिकचे दोन थर महिनाभरात सुटतात. लॅमिनेशनशिवायही पत्ते चालतात, फक्त खेळताना भज्यांची बशी लांब.

खेळायचं कसं

मुख्य डाव असा. पत्ते पिसा, एक मधोमध उताणा ठेवा, बाकीचे सारखे वाटा. ३१ चा इथे छान उपयोग होतो: मधला एक सोडला की ३० उरतात, म्हणजे दोघांना १५, तिघांना १०, पाच जणांना ६, सहा जणांना ५. चौघे असतील तर प्रत्येकी ७ आणि दोन पत्ते बाजूला. पत्ते हातात पालथ्या गठ्ठ्यात. 'भू-भू' म्हटलं की सगळ्यांनी वरचा पत्ता उताणा करायचा. आपल्या पत्त्यावर आणि मधल्या पत्त्यावर सारखं काय ते शोधायचं, नाव घ्यायचं, आपला पत्ता मधल्यावर टाकायचा आणि लगेच पुढचा उघडायचा. पाळी नाही, थांबणं नाही. मधला पत्ता दर वेळी बदलतो, त्यामुळे तुम्ही शोधत असताना कुणी टाकला की शोध पुन्हा पहिल्यापासून. पत्ते आधी संपतील तो जिंकला.

उलटा डाव: प्रत्येकाला एकच पत्ता, बाकी गठ्ठा मधे उताणा. जोडी दिसली की मधला पत्ता उचलून आपल्या पत्त्यावर ठेवायचा. आता तोच तुमचा नवा पत्ता. गठ्ठा संपल्यावर ज्याच्याकडे जास्त, तो जिंकला. अगदी लहान मुलांना हा बरा, कारण इथे पत्ते वाढतात आणि वाढलेले दिसतात.

तिसरा, सगळ्यात दंग्याचा: 'गोचीड'. वाटणी दुसऱ्या डावासारखीच, पण जोडी शोधायची ती मधल्या पत्त्याची आणि दुसऱ्या कुणाच्यातरी पत्त्याची. सापडली की मधला पत्ता त्याच्या डोक्यावर, म्हणजे त्याच्या गठ्ठ्यावर. ज्याला जास्त चिकटले तो हरला. चार जणांपेक्षा कमी असतील तर यात मजा नाही, सहा असतील तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

वाद, आणि ते कसे मिटवायचे

सगळ्यात जास्त भांडणं हातावरून होतात. दोघांचे तळवे एकाच वेळी गठ्ठ्यावर, खालच्याची बोटं चेपलेली. नियम ठेवा: आधी तोंड, मग हात. नाव न घेता टाकलेला पत्ता परत घ्यावा लागतो. दोघांनी एकदम नाव घेतलं तर ज्याचा पत्ता खाली टेकलेला तो खरा. नखं आणि अंगठ्या याची काळजी खेळाआधी घ्या.

नुसतं 'कुत्रा!' ओरडणं चालणार नाही, जात सांगावी लागेल. मात्र 'पश्मी' आठवला नाही म्हणून 'केसाळ कानवाला' म्हटलं तर मान्य करा. तीन डावांत नाव तोंडी बसतं. मराठी-इंग्रजी दोन्ही चालू द्या: 'बोन' म्हणजे हाडच. परदेशात वाढणाऱ्या नातवंडांसोबत खेळताना उलटा नियम लावून बघा, मराठी नावच धरायचं. चतकोर, गोचीड आणि खार हे शब्द असे शिकवायला दुसरी सोपी वाट नाही.

'माझ्या पत्त्यावर जोडीच नाही' अशी तक्रार दर डावात एकदा तरी येते. बहुतेक वेळा जोडी असते, डोळ्यांना दिसत नसते. चेहऱ्यासमोर पत्ता धरून एकटक बघणं हे त्याचं कारण. मधल्या पत्त्यावरचं एक चित्र धरा, आपल्या पत्त्यावर आहे का बघा, नसेल तर पुढचं. फार तर सहा फेऱ्या. तरीही नाहीच सापडलं तर दोन्ही पत्ते उलटून मागचे क्रमांक बघा आणि तक्त्यावर पडताळा. तक्त्यात जोडी आहे आणि पत्त्यावर नाही, तर स्टिकर चुकलाय. दोन जोड्या दिसत असतील तरी तेच. म्हणून तक्ता फेकू नका, डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.

मोठी माणसं आणि मुलं यांत तफावत पडली तर लहानांना नाव घेण्याऐवजी बोट दाखवायची मुभा द्या. सराईत झालेल्या दादा-ताईंनी नाव घेण्याआधी 'भू-भू' म्हणायचं. तेवढा अर्धा सेकंद पुरतो. चष्मा लागणाऱ्यांसाठी उजेड वरून हवा, बाजूने नको, लॅमिनेशन चमकतं.

एखादा पत्ता हरवला, कुत्र्याच्या पिल्लाने खरोखरच चावला, तरी खेळ बिघडत नाही. उरलेल्या कुठल्याही दोन पत्त्यांत सारखं चित्र एकच राहतं. डॉबलमध्ये ५७ पत्ते शक्य असूनही ५५च असतात. तरी नवा करायचा असेल तर ती सुटी ठेवलेली ५ वर्तुळं काढा, कुठला क्रमांक गहाळ आहे ते तक्त्यात बघा आणि ती सहा चित्रं तेवढी छापून आणा.